दिल्ली एका दिवसात: आत्याच्या गुडघ्यांना झेपेल अशी

दिल्लीत चौदा वर्षं काढल्यावर मी एका कामात तरबेज झाले आहे, ते म्हणजे पाहुण्यांना दिल्ली दाखवणं. कोणी चारधामाला जाताना थांबतं, कोणी वैष्णोदेवीहून परतताना, कोणी पोराच्या परीक्षेच्या निमित्ताने येतं. सगळ्यांकडे एकच मोकळा दिवस असतो आणि सगळ्यांच्या यादीत अकरा ठिकाणं असतात. लाल किल्ला, जामा मशीद, राजघाट, इंडिया गेट, राष्ट्रपती भवन, बिर्ला मंदिर, कुतुबमिनार, लोटस टेंपल, अक्षरधाम, जंतरमंतर, आणि "जमलंच तर सरोजिनी मार्केट".

जमत नाही. जमवणारे असतात, नाही असं नाही. सकाळी सातला बसमध्ये बसवतात आणि रात्री नऊला उतरवतात. मधल्या वेळात निम्मी ठिकाणं "डावीकडे बघा, उजवीकडे बघा" करत काचेतूनच जातात. घरी गेल्यावर मुलांना विचारलं काय पाहिलं, तर बसमधला पंखा चालत नव्हता एवढंच आठवतं.

बाहेरून आलेल्या माणसाला दिल्लीचा अंदाज चुकतो तो एका कारणाने. नकाशावर आपण दोन ठिकाणांमधलं अंतर मोजतो. दिल्लीत पाय दुखतात ते गेटच्या आतल्या अंतराने. तिकीट खिडकीपासून तपासणीपर्यंत, तपासणीपासून दरवाजापर्यंत, दरवाजापासून खऱ्या इमारतीपर्यंत, आणि मग तेवढंच परत. म्हणून दिवसाचा बेत आखताना ठिकाणांची यादी बाजूला ठेवा आणि तुमच्यातलं सगळ्यात हळू चालणारं माणूस कोण ते आधी ठरवा. आमच्याकडे मागच्या फेब्रुवारीत आत्या आणि आतोबा आले होते, सोबत भाऊ-वहिनी आणि त्यांची दोन मुलं, एक अकरा वर्षांचा आणि एक साडेचार वर्षांची. आत्याचे गुडघे आणि साडेचार वर्षांच्या बाईसाहेब, या दोघींच्या वेगाने तो दिवस आखला होता. तोच बेत इथे सांगते.

कधी यायचं

महाराष्ट्रातल्या शाळांच्या सुट्ट्या आणि दिल्लीचं हवामान यांचं हाडवैर आहे. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो आणि लाल दगड संध्याकाळीही तव्यासारखा तापलेला असतो. दिवाळीच्या सुट्टीत हवा इतकी खराब असते की घसा खवखवायला लागतो. दमा असलेल्या माणसाने त्या दिवसांत येऊच नये. नाताळाच्या सुट्टीत थंडी छान वाटेल, पण धुक्याने गाड्या कित्येक तास उशिरा पोचतात आणि तुमचा एकुलता एक दिवस कुठल्या तरी अलीकडच्या स्टेशनवर जातो. मुलांची शाळा चार दिवस बुडाली तरी चालेल, पण फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चचा मध्य या काळात या. राष्ट्रपती भवनातलं अमृत उद्यानही साधारण याच दिवसांत लोकांसाठी उघडतात, त्यासाठी मात्र ऑनलाइन आधी नाव नोंदवलेलं बरं.

वार सांभाळा. सोमवारी लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, अक्षरधाम, लोटस टेंपल सगळं बंद. रविवारी चांदणी चौकातली बरीच दुकानं बंद असतात आणि संध्याकाळी इंडिया गेटवर अख्खी दिल्ली लोटते. मंगळवार ते गुरुवार उत्तम. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या तालमींसाठी कर्तव्य पथाच्या आसपासचे रस्ते बंद होत राहतात, आणि १५ ऑगस्टच्या आधी काही दिवस लाल किल्ला बंद असतो. त्या तारखा टाळा.

आदल्या रात्री करायच्या गोष्टी

उतरण्याची जागा मेट्रो स्टेशनपासून चालत दहा मिनिटांत असावी, मग ती पहाडगंजातली असो की करोलबागेतली. खोली थोडी महाग पडली तरी ऑटोचे पैसे आणि डोक्याचा ताप वाचतो.

ऑटोवरून आठवलं. दिल्लीत "रिक्षा" म्हणालात तर सायकलरिक्षा समोर येते. आपली तीनचाकी ती "ऑटो", आणि बॅटरीवर चालणारी ती "ई-रिक्षा". आतोबांनी पहिल्या दिवशी "रिक्षा, रिक्षा" करून तीन सायकलरिक्षावाले गोळा केले होते. ऑटोला मीटर असतो, पण बाहेरगावचा माणूस दिसला की तो चालेलच असं नाही. मोबाइलच्या ॲपवर भाडं बघायचं आणि तेवढंच बोलायचं. आणि बोलताना "आप" म्हणा. आपल्या हिंदीतलं "तुम किधर जाता है" इथल्या कानाला उर्मट लागतं. आपल्या मनात तसं काही नसतं, पण भाडं वाढतं.

स्टेशनच्या दारात किंवा किल्ल्याच्या अलीकडे एखादा सभ्य दिसणारा इसम स्वतःहून सांगायला येईल की "आज लाल किल्ला बंद आहे" किंवा "तुमचं तिकीट कन्फर्म नाही, चला ऑफिसात बघू". हसून पुढे चालायचं, थांबायचंच नाही. त्याचं ऑफिस म्हणजे टॅक्सी आणि सहलींचं दुकान असतं.

पिशवी हलकी ठेवा. मेट्रोत, किल्ल्यावर, संग्रहालयात, सगळीकडे एक्स-रे यंत्रातून सामान जातं. सुरी, कात्री, काड्यापेटी नकोच. आत्याच्या बटव्यात अडकित्ता होता! तपासणीवरच्या बाईंनी तो हातात धरून उलटासुलटा केला आणि मला विचारलं, "ये क्या है, मैडम?" सुपारी कातरायचं आहे, हे समजावताना मागची रांग खोळंबली. शेवटी बाहेरच्या पानवाल्याकडे ठेवून आलो. त्याला मात्र बघताक्षणी कळलं. तर अडकित्ता खोलीवरच ठेवा, सुपारी घरून कातरून आणा. प्रत्येकाचं आधार कार्ड, पाण्याच्या दोन बाटल्या, डोक्यावर घ्यायला एकेक मोठा रुमाल किंवा ओढणी, आणि मोजे. मोज्यांचं कारण पुढे येतं.

लहान मुलाच्या खिशात एका कागदावर दोन मोबाइल नंबर लिहून ठेवा.

मेट्रो पहिल्यांदा वापरताना

दिल्लीची मेट्रो २४ डिसेंबर २००२ ला शाहदरा ते तीस हजारी एवढ्याच पट्ट्यात सुरू झाली. आता ती शहराच्या बाहेर गुरुग्राम-नोएडापर्यंत पसरली आहे. नवख्या माणसाने नकाशा पाहून घाबरू नये. आपल्या दिवसाला मुख्यतः दोनच रेषा लागतात, पिवळी आणि जांभळी.

तिकीट ११ रुपयांपासून ६४ रुपयांपर्यंत. ही भाडी ऑगस्ट २०२५ पासूनची. तिकिटावर क्यूआर कोड असतो, तो दारातल्या यंत्राला दाखवला की फाटक उघडतं. बाहेर पडतानाही तेच तिकीट लागतं, त्यामुळे आत गेल्यावर फेकून देऊ नका. सगळ्यांची तिकिटं एकाच मोबाइलवर काढली की फाटकावर गोंधळ होतो. एक जण पलीकडे गेला आणि मोबाइलही त्याच्याबरोबर गेला, बाकीचे अलीकडे. खिडकीवरून कागदी तिकिटं काढून ज्याच्या त्याच्या हातात द्या. तीन फुटांपेक्षा कमी उंचीचं मूल फुकट. आमच्या बाईसाहेबांनी टाचा उंचावून आपलं तिकीट काढायला लावलं, तो भाग वेगळा.

जाणाऱ्या दिशेचा पहिला डबा बायकांचा. कुटुंबासोबत आहात म्हणून पुरुषांनी त्यात चढू नये, दंड होतो. आत्या आणि वहिनी त्यात, आम्ही मागच्या डब्यात, असं करायचं असेल तर उतरायचं स्टेशन आधी ठरवून ठेवा. आणि राजीव चौक या स्टेशनवर सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी सहा ते आठ या वेळात गाडी बदलायचा विचारही करू नका. दादर त्यापुढे बरं, दादरला निदान आपल्याला सवय असते.

सकाळ: लाल किल्ला

किल्ला उघडतो त्याच सुमाराला दारात हजर राहा. पिवळ्या रेषेने कश्मीरी गेट, तिथे जांभळी रेषा पकडली की पुढचंच स्टेशन लाल किला. नाश्ता खोलीवरून करून निघा.

तिकीट मोबाइलवरून काढता येतं, माणशी शंभराच्या आतच, आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. परदेशातून आलेले नातेवाईक सोबत असतील तर त्यांना ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते) आणायला सांगा, म्हणजे भारतीयांच्याच दरात आत जाता येतं. नाहीतर परदेशी पाहुण्यांचं तिकीट कित्येक पटींनी महाग पडतं.

शाहजहानने हा किल्ला १६३९ ते १६४८ या काळात बांधला. आपण किल्ला म्हटलं की डोंगर, चढ, बुरूज, टाकं असं काही डोळ्यांसमोर आणतो. मुलांना आधीच सांगून ठेवा की हा किल्ला म्हणजे सपाट जमिनीवर भिंतीत घातलेला राजवाडा आहे. नाहीतर आमच्या अकरा वर्षांच्या गृहस्थासारखा "चढायचं कुठे?" हा प्रश्न शेवटपर्यंत ऐकावा लागतो.

लाहोरी दरवाजातून आत गेलं की छत्ता चौक लागतो. छत असलेला बाजार, दोन्ही बाजूंना दुकानं. जाताना इथे थांबायचं नाही, हे पक्कं ठरवा. बांगड्या आणि लाकडी खेळण्यांत अर्धा तास जातो आणि ऊन चढतं. परतताना घ्या. पुढे नौबतखाना, मग दिवाण-ए-आम, मग हिरवळ ओलांडून दिवाण-ए-खास. आत्याला आम्ही दिवाण-ए-आमच्या सावलीत पंधरा मिनिटं बसवलं आणि मगच पुढे नेलं.

मराठी माणसाने पाय दुखले तरी दिवाण-ए-खासपर्यंत जावंच. संगमरवरी खांब, त्यावरची रंगीत दगडांची फुलं, सगळं नीट बघा आणि मग मान वर करा. या दालनाला पूर्वी चांदीचं छत होतं. मयूर सिंहासन १७३९ मध्ये इराणच्या नादिरशहाने नेलं होतं, चांदी उरली होती. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा फौजेला द्यायला पैसा नव्हता. त्यांनी ती चांदी उतरवून तिची नाणी पाडली. पुढच्या जानेवारीत पानिपत झालं. हे मी सांगत होते तेव्हा शेजारी एक स्थानिक गाइड चार बिहारी पाहुण्यांना नेमकी हीच गोष्ट "मराठे लूट कर ले गए" अशी सांगत होता. आतोबा पलटणीतले. ते वळून त्याला म्हणाले, "तनखा देना था, भाई." गाइड गप्प झाला, पाहुणे हसले.

मुलांना इतिहासाचा कंटाळा असेल तर दोनच गोष्टी सांगा. एक, पानिपतानंतर मराठे इथे परत आले. महादजी शिंद्यांच्या फौजेने १७८८ मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिराला हुसकून, त्याने आंधळं केलेल्या मुघल बादशहा शाह आलमला पुन्हा गादीवर बसवलं, आणि १८०३ मध्ये इंग्रजांच्या लॉर्ड लेकने दिल्ली जिंकेपर्यंत इथे शिंद्यांचा अंमल होता. दोन, आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचा खटला १९४५ मध्ये याच किल्ल्यात चालला. आतल्या इंग्रजी बराकींमध्ये २०१९ पासून नेताजी आणि आझाद हिंद सेनेवरचं संग्रहालय आहे. वेळ असेल तर तेवढं एकच दालन करा, सगळी संग्रहालयं करायला गेलात तर दुपार इथेच होईल.

सगळं मिळून दोन-सव्वादोन तास. साडेअकरापर्यंत बाहेर.

चांदणी चौक, सायकलरिक्षातून

किल्ल्यासमोरून थेट फतेहपुरी मशिदीपर्यंत जो सरळ रस्ता जातो तोच चांदणी चौक. लांबी सव्वा-दीड किलोमीटर. दिवसा या रस्त्यावर मोटारी येत नाहीत, सायकलरिक्षा चालतात. आत्यासारखं माणूस सोबत असेल तर चालू नका. दोन सायकलरिक्षा करा, भाडं आधी ठरवा, "सिर्फ फतेहपुरी, दुकान नहीं" असं स्पष्ट सांगा. नाहीतर रिक्षावाला कमिशनच्या दुकानात नेऊन उभा करतो.

सुरुवातीलाच डाव्या हाताला लाल जैन मंदिर, त्याच्या आवारात पक्ष्यांचा दवाखाना. लगेच शेजारी गौरीशंकर मंदिर. हे अप्पा गंगाधर नावाच्या मराठा सैनिकाने बांधलं असं इथले लोक सांगतात. आत्याने तिथे उतरून नमस्कार केला आणि "म्हणजे आपलंच की" असं म्हणत परत रिक्षात बसली. पुढे शीशगंज गुरुद्वारा. गुरू तेगबहादुरांचा १६७५ मध्ये इथेच शिरच्छेद झाला.

खायचं काय? पराठ्यांची गल्ली प्रसिद्ध आहे खरी, पण तिथला पराठा तव्यावर भाजत नाहीत, कढईत तळतात. एक पराठा चौघांत घ्या, चव कळते आणि पोटही शाबूत राहतं. जिलबी गरम मिळाली तर घ्या, ती आपल्यापेक्षा जाड आणि तुपकट असते. थंडीत आलात तर परातीत पांढरा फेस घेऊन उभे असलेले गाडीवाले दिसतील. ती दौलत की चाट. नाव चाट असलं तरी गोड आहे, दुधाच्या फेसाची. जिभेवर ठेवली की जवळजवळ काहीच उरत नाही. आमच्या बाईसाहेबांनी पहिला चमचा खाल्ला, वाटीत पाहिलं आणि विचारलं, "गेलं कुठे?" ही उन्हाळ्यात मिळत नाही.

पाणीपुरी इथे गोलगप्पे या नावाने मागायची. लहान मुलांना उघड्यावरचं पाणी देऊ नका, तेवढं पथ्य पाळा. आणि आपल्याकडच्या लोकांची ठरलेली तक्रार, की तिखट नाही. खरंच नाही. एक हिरवी मिरची मागून घ्या, देतात.

जामा मशीद इथून जवळ आहे. १६५६ मध्ये पूर्ण झालेली, भव्य, बघण्यासारखी. पण पायऱ्या बऱ्याच आहेत, वर उन्हात तापलेली फरशी अनवाणी तुडवायची, आणि नमाजाच्या वेळी पर्यटकांना आत घेत नाहीत. गुडघेवाली माणसं सोबत असतील तर खालून बघून पुढे व्हा. मोजे आणा म्हटलं होतं ते अशा फरशांसाठी.

दुपार: बंगला साहिबची पंगत

फतेहपुरीच्या बाजूने चांदणी चौक मेट्रो गाठा. पिवळी रेषा, चार स्टेशनं, पटेल चौक. तिथून ऑटोने पाच मिनिटांत गुरुद्वारा बंगला साहिब.

हा थांबा माझ्या बेताचा कणा आहे. दुपारी एक-दीडला सगळे थकलेले असतात, मुलं चिडलेली, कोणाला काय खायचं यावर एकमत नसतं. अशा वेळी हॉटेल शोधत कॅनॉट प्लेसच्या गोलात फिरणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. कॅनॉट प्लेस दिसायला सुंदर आहे, पण सगळे ब्लॉक सारखेच दिसतात आणि माणूस फिरून तिथेच येतो.

गुरुद्वाऱ्यात चपला जोडाघरात द्यायच्या, टोकन मिळतं. डोकं झाकायचं, पुरुषांनीही. रुमाल नसेल तर तिथे मिळतो. पायरीजवळच्या उथळ पाण्यातून पाय धुऊन आत. दरबारात दहा मिनिटं बसा, कीर्तन चालू असतं. आपल्या कीर्तनात आख्यान असतं, इथे नुसतं गाणं, पण मन बसतं. मग लंगर. ओळीने जमिनीवर बसायचं, समोर ताट येतं. डाळ, भाजी, खीर वाढत जातात, आणि रोटी मात्र दोन्ही हात पुढे करून घ्यायची. एका हाताने मागितली तर वाढणारा थांबतो आणि हसतो. ज्यांना खाली बसता येत नाही त्यांनी सेवादाराला सांगावं, तो सोय करतो. आत्याला कडेच्या बाकावर बसवलं. पानात टाकायचं नाही, हे मुलांना आधीच बजावा.

पैसे कोणी मागत नाही. पेटीत इच्छा असेल ते टाका, किंवा अर्धा तास ताटं घासायला, रोट्या लाटायला बसा. वहिनी बसली. तिच्या गोल पोळ्या पाहून शेजारच्या सरदारणीने "कहाँ से हो, बेटा?" विचारलं, आणि मग दोघींची जी गट्टी जमली ती आम्हीच शेवटी मोडली.

जेवण झाल्यावर सरोवराच्या काठच्या ओवरीत बसा. मुलं मासे बघतात, म्हातारी माणसं भिंतीला टेकतात. पाऊण तास तरी इथे द्या. हा वेळ वाया गेला असं ज्याला वाटेल त्याला संध्याकाळी इंडिया गेटवर आपल्या कुटुंबाचे चेहरे पाहून कळेल.

मराठी जेवणाचीच आठवण येत असेल तर कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात उपाहारगृह आहे. आत जाण्याआधी गेटवर विचारून घ्या आणि ओळखपत्र दाखवा. अग्रसेन की बावली ही जुनी पायऱ्यांची विहीर तिथून अगदी जवळ आहे, मुलांना वीस मिनिटं छान जातात.

तीन ते पाच: सावलीत

राष्ट्रीय संग्रहालय, जनपथावर. मोहेंजोदडोची नर्तकी बघायची, बस. मुलं तिला पाहून हमखास निराश होतात, कारण पुस्तकात ती पानभर असते आणि प्रत्यक्षात जेमतेम अर्धी वीत. हडप्पा दालन करा, एखादं चित्रांचं किंवा नाण्यांचं दालन करा, आणि उरलेला वेळ गारव्यात बाकावर काढा. आगगाडीवेडी मुलं असतील तर संग्रहालय सोडून चाणक्यपुरीतल्या रेल्वे संग्रहालयात न्या, तिथे छोटी गाडी आहे, बसता येतं. मात्र मग संध्याकाळी इंडिया गेटपर्यंत वाहतुकीतून यावं लागेल.

संध्याकाळ: युद्धस्मारक आधी, इंडिया गेट नंतर

सगळे उलट करतात. आधी इंडिया गेटसमोर फोटो, आइस्क्रीम, फुगे, आणि मग अंधार पडला की शेजारच्या स्मारकाची आठवण. तुम्ही पाचच्या सुमाराला थेट राष्ट्रीय युद्धस्मारकात जा. प्रवेश फुकट आहे. संग्रहालयापासून एक-सव्वा किलोमीटर, आत्यासाठी ऑटो.

इंडिया गेट ही १९३१ मध्ये खुली झालेली, इंग्रज वास्तुकार ल्यूटेन्सने आखलेली ४२ मीटर उंच कमान. तिच्यावर नावं आहेत ती पहिल्या महायुद्धात आणि १९१९ च्या अफगाण युद्धात पडलेल्या सैनिकांची, म्हणजे इंग्रजांच्या फौजेतल्यांची, त्यात बहुतेक भारतीय. स्वातंत्र्यानंतर पडलेल्यांचं स्मारक व्हायला २०१९ उजाडलं. त्यात एकात एक अशी चार वर्तुळं आहेत. सगळ्यात आतलं अमर चक्र, तिथे ज्योत. मग वीरता चक्र, त्यात लढायांची शिल्पं. मग त्याग चक्र, आणि बाहेरून झाडांचं रक्षक चक्र.

त्याग चक्रात थांबा. गोल भिंतींमध्ये ग्रॅनाइटच्या विटा, एका विटेवर एक जवान. अशी पंचवीस हजारांहून जास्त नावं आहेत. आतोबा बेळगावच्या मराठा पलटणीच्या प्रशिक्षण केंद्रातून शिकून बाहेर पडलेले, त्यांनी पलटणीत सतरा वर्षं काढली. दिवसभर ते सगळ्यांच्या मागून, हात मागे बांधून चालत होते. इथे ते पुढे गेले. भिंतीच्या अगदी जवळ उभे राहून, चष्मा कपाळावर सरकवून, बोट विटेला न लावता हवेतच फिरवत एकेक ओळ वाचू लागले. मराठा, मराठा, महार, परत मराठा. एका विटेपाशी ते थांबले. कोणाची ती, आम्ही विचारलं नाही. अकरा वर्षांचा मुलगा जो सकाळपासून "चढायचं कुठे" विचारत होता, तो त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि दोघं मिळून वाचू लागले. आम्ही बाकीचे बाकावर बसलो.

बाजूला परम योद्धा स्थळ आहे, परमवीरचक्र मिळालेल्या २१ जणांचे अर्धपुतळे. त्यात रामा राघोबा राणे शोधा. कारवारजवळच्या गावचे, बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या पलटणीचे. १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे गोळीबारात काढून त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली, आणि ते जिवंत परतले. मुलांना हे शेवटचं वाक्य आवडतं.

सूर्यास्ताच्या सुमाराला इथे एक छोटा विधी होतो. एखाद्या शहीद जवानाच्या घरच्यांना बोलावलेलं असतं, ते पुष्पचक्र वाहतात, मग झेंडे उतरवतात. गर्दी फारशी नसते. मोबाइल खाली ठेवून उभे राहा.

बाहेर आलात की इंडिया गेटवर दिवे लागलेले असतात. आता फोटो, आता आइस्क्रीम. मागच्या छत्रीखाली, जिथे एकेकाळी पंचम जॉर्ज उभा होता, तिथे सप्टेंबर २०२२ पासून नेताजींचा २८ फुटी पुतळा आहे. राजपथाचं कर्तव्य पथ झालं तेही त्याच दिवशी. राष्ट्रपती भवन इथून सरळ रेषेत दिसतं म्हणून "चला चालत जाऊ" असं कोणीतरी म्हणेलच. ते जवळजवळ तीन किलोमीटर आहे. नका जाऊ. आणि तिरंग्याचं स्टिकर छातीला चिकटवायला किंवा हातावर मेंदी काढायला कोणी न विचारता पुढे आलं तर हात मागे घ्या. आधी लावतात, मग पैसे सांगतात.

स्वच्छतागृहं कर्तव्य पथाच्या कडेने आहेत, परत निघण्याआधी सगळ्यांना पाठवा.

ज्या ठिकाणांवर काट मारली

कुतुबमिनार सुंदर आहे, पण दक्षिणेच्या टोकाला, आणि वर चढता येत नाही. १९८१ मधल्या चेंगराचेंगरीनंतर आतला जिना बंद आहे. त्याला दुसरा दिवस द्या. त्या दिवशी हुमायूनचा मकबरा, शेजारची 'सुंदर नर्सरी' नावाची बाग आणि संध्याकाळी आयएनए भागातला 'दिल्ली हाट' हा हस्तकलेचा बाजार असा बेत करा. अक्षरधामात मोबाइल बाहेर ठेवावा लागतो आणि अर्धा दिवस जातो. लोटस टेंपलची रांग लहान मुलांना सोसत नाही. आणि "सकाळी दिल्ली, दुपारी आग्रा" असं विकणाऱ्या गाडीवाल्याला नमस्कार करून पुढे व्हा. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, हे तो तुम्हाला गाडी निघाल्यावर सांगतो.

बाबासाहेबांचं निर्वाणस्थळ बघायलाच तुम्ही आला असाल, तर लाल किल्ला सोडा आणि सकाळ तिथे घाला. २६, अलीपूर रोड, सिव्हिल लाइन्स मेट्रोजवळ, पिवळ्याच रेषेवर. ६ डिसेंबर १९५६ ला ते जिथे गेले त्या जागी २०१८ पासून उघडलेल्या पुस्तकाच्या आकाराचं स्मारक आहे. हेही सोमवारी बंद. बाकीचा बेत तसाच चालतो, फक्त चांदणी चौकात फतेहपुरीच्या बाजूने शिरा.

परत

साडेसात-आठला इंडिया गेटच्या अगदी समोर उभं राहून ऑटो बोलावू नका. तिथे पोलीस गाड्या थांबू देत नाहीत आणि ॲपवरचा चालक तुम्हाला शोधत गोल फिरत राहतो. पाच-सात मिनिटं मंडी हाउसच्या दिशेने चाला आणि मग बोलावा. मेट्रोनेच जायचं असेल तर मंडी हाउस स्टेशन घ्या, आठनंतर निघा, म्हणजे राजीव चौकातली गर्दी ओसरलेली असते आणि आत्याला बसायला जागा मिळते. ज्येष्ठांच्या जागेवर एखादा तरुण मोबाइलमध्ये डोकं घालून बसला असेल तर नुसतं "बेटा" म्हणा. उठतो.